एकतिसाव्या सेकंदाला

गेम यायला अजून चार महिने आहेत.
आज नुसती झलक आली, सत्तेचाळीस सेकंदांची,
आणि मी ती सकाळपासून
तांदूळ निवडावेत तशी निवडते आहे,
एकेक चौकट, एकेक खडा.

बॉनेटवरून आभाळ सरकतं, ते झकास.
पण आरशात मागची धूळ नाही.
चाक फिरतं, त्यावरचा चिखल फिरत नाही.
प्रेक्षकांत निळ्या टोपीचा एक माणूस
तीन वळणांवर तीनदा उभा,
तिन्ही वेळा डावा हात वर.
मी वहीत लिहिते: सावल्यांच्या कडा दातेरी.
लिहिते: काचेवरचा थेंब वेगाच्या मानाने आळशी.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा तुउरे आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मासे घेऊन.
पडद्याकडे बघत दारातच थांबला.
"हा कोर्पिसाल्मीचा रस्ता."

त्या रस्त्यावर त्याने एकोणतीस वर्षं ग्रेडर चालवला.
पिवळा, सरकारी, हीटर कायमचा बिघडलेला.

मासे टेबलावर, माझ्या वहीवरच.
चश्मा काढला, पुसला, लावला.
"मागे ने. थांबव."

"धूळ फार लवकर बसते.
जुलैत आमची धूळ
गाडी गेल्यावर कॉफी निवेपर्यंत हवेत असते.
आणि ही खडी गुलाबी कशी?
तळ्यापलीकडच्या खाणीतली ती,
ओली झाली की शिसपेन्सिलीसारखी दिसते.
साइडपट्टीचं गवत कोणी विंचरलंय का?"

मी म्हटलं, बर्चमधून पडलेलं ऊन तरी बघ,
एकेक कवडसा वेगळा आहे.
तो म्हणाला, ऊन पश्चिमेचं आहे.
इथली शर्यत सकाळी सुटते.

माझी पेन्सिल थांबली.
डोळ्यात तेल घालून बसले होते मी,
त्याच्या डोळ्यात डिझेल होतं.

दुधाचे कॅन ठेवायचा लाकडी कट्टा सापडला.
पायऱ्या तीन. खऱ्या दोन.
पुढे टपालपेट्यांची रांग: पाच.
त्याने बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"सहावी माझी होती.
म्हणजे हे लोक मोजमापाला आले
ते मी इथे राहायला आल्यानंतर."
पुढे काही बोलला नाही. मीही चौकट पुढे नेली.

मग गाडी तळ्याच्या उतारावर आली,
आणि एकतिसाव्या सेकंदाला
तिचं डावं चाक किंचित उचललं गेलं.
उडी नव्हे, उचकी.

तुउरे खुर्चीच्या कडेला सरकला.
"परत."
परत.
"सावकाश."
मी एकेक चौकट सोडत गेले.
"तेच ते," तो म्हणाला.

बर्फ वितळला की जमिनीखालून वर येणारं कुबड.
त्याने पातं घासलं, खणून काढलं, मुरूम भरला,
एकदा तर रागाच्या भरात
रात्रभर ग्रेडरच उभा करून ठेवला त्याच्यावर.
मे महिन्यात पुन्हा हजर, जावयासारखं.
साहेबाने नोंदवहीत तांबड्या शाईने लिहिलं होतं:
काम अपुरं.

कोणीतरी लेझर घेऊन
त्या उतारावरून मुंगीच्या पावलांनी गेलं असणार.
खडीचा रंग चुकला, ऊन चुकलं,
कट्ट्याला एक पायरी फुकटची मिळाली,
आणि त्याचं अपुरं काम तेवढं
मिलिमीटरनिशी उतरलं.

तो हसला की खोकला, कळलं नाही.
"किती लोक खेळतील हे?"
लाखो असतील, मी म्हटलं.
"सगळ्यांना हिसका बसणार?"
मी कंट्रोलर त्याच्या हातात दिला.
म्हटलं, हा थरथरतो, अस्सा, तळहातात.

त्याने तो उलटापालटा करून पाहिला,
बंदच होता, तरी घट्ट धरला.
"मग आधीच सांगून ठेव पोरांना," म्हणाला,
"उजवीकडून घ्या."